वारशानें आलेलीं टपाल-तिकिटें

आमच्या कोंकणांत जुन्या घराची वांटणी होते तेव्हां भांडीं, माड आणि भाताचे कुणगे यांचा हिशेब पै न् पै होतो. परंतु माळ्यावर ठेवलेली एखादी पत्र्याची पेटी मात्र कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. जो ती उघडील त्याची ती. अशा पेटींत बहुधा चार जुनीं पंचांगें, मोडी कागदांची एखादी गुंडाळी आणि सुतळीनें बांधलेला पत्रांचा गठ्ठा असतो. पाकिटांवर राजाराण्यांचे मुखवटे असलेलीं तिकिटें दिसतात, आणि पेटी उघडणाराच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा : ‘यांची किंमत किती येईल हो?’

मालवणांत शाळामास्तरकी करून निवृत्त झालेल्या माझ्याकडे हा प्रश्न घेऊन बरेचजण येतात. माझें उत्तर ठरलेलें आहे. किंमत मागाहून पाहूं. अगोदर एवढें सांगा, कीं तुम्हीं अद्याप या पाकिटांना कांहीं केलें तर नाहीं ना? केलें नसेल तर तुम्ही भाग्यवान. हा प्रश्न मी स्वतःच्या अनुभवावरून विचारतों, आणि तो अनुभव पुढें सांगणारच आहें. परंतु वस्तु कळल्यावांचून तिचें जतन करतां येत नाहीं. म्हणून प्रथम हें टपालाचें तिकीट आपल्याकडे आलें कसें, तें पाहूं.

इंग्लंडांत टपालाचें पहिलें चिकटविण्याचें तिकीट ६ मे १८४० पासून चालू झालें. त्यानंतर बारा वर्षांनीं, १ जुलै १८५२ रोजीं, सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनीं आपल्या प्रांतापुरतीं अर्ध्या आण्याचीं तिकिटें काढलीं. सिंध त्या काळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. तेव्हां आशिया खंडांतील पहिलें टपाल-तिकीट आपल्याच इलाख्यांत जन्मास आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तांबड्या, पांढऱ्या व निळ्या अशा तीन रंगांचीं हीं वाटोळीं तिकिटें ठशानें उठविलेलीं होतीं. त्यांतील तांबडें तिकीट लाखेसारख्या ठिसूळ पदार्थावर उठविलेलें असल्यामुळें तें हाताळतांनाच तडके. म्हणून तें अखंड असें आज फारच थोड्या संग्रहांत पाहावयास मिळतें. तिकिटाचा जीव त्याच्या चित्रांत नसून तें ज्या पदार्थावर उमटलें आहे त्यांत असतो, ही शिकवण आपल्याला पहिल्याच तिकिटानें देऊन ठेविली आहे.

पुढें १ ऑक्टोबर १८५४ पासून कंपनीच्या सर्व मुलुखांत चालणारीं तिकिटें सुरू झालीं. तोंपर्यंत पत्राचें हशील अंतरावर ठरत असे. नव्या कायद्यानें पाव तोळा वजनाचें पत्र, मग तें मुंबईहून ठाण्यास जावो अथवा कलकत्त्यास, अर्ध्या आण्यांत पोंचूं लागलें. तिकीट न लावतां टाकलेल्या पत्राला घेणाराकडून दुप्पट आकार घेत. त्याच १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापड-गिरणीची स्थापना केली. या दोन गोष्टी एकाच वर्षीं घडल्या हा योगायोग असेल. परंतु कोंकणाच्या संसारावर दोहोंचाहि परिणाम झाला. गिरणीनें आमच्या माणसाला मुंबईस ओढून नेलें, आणि अर्ध्या आण्याच्या कागदी चौकोनानें त्याला घराशीं बांधून ठेविलें. १८८० पासून मनिऑर्डरहि टपालखात्यामार्फत येऊं लागली. मालवणच्या पेटींतील गठ्ठा हा अशा रीतीनें घरटी लिहिलेला इतिहास आहे.

तो वाचावा कसा, याचीं दोन-चार उदाहरणें देतों. प्रारंभींचीं तिकिटें कलकत्त्यास, व मग बहुतेक विलायतेंत छापून येत. १९२५ सालीं नाशिकास सरकारी छापखाना निघाला, आणि पुढील वर्षापासून आपलीं तिकिटें आपल्याच देशांत छापूं लागलीं. १९३७ सालीं सहाव्या जॉर्ज बादशहाच्या मुखवट्यासह टपालाच्या वाहनांचीं चित्रें असलेली मालिका निघाली. दोन आण्यांवर पायीं धांवणारा डाकवाला, अडीच आण्यांवर बैलगाडी, चार आण्यांवर आगगाडी आणि सहा आण्यांवर आगबोट. आमच्याकडील एखाद्या पाकिटावर आगगाडीचें तिकीट दिसलें म्हणजे मला हंसूं येतें. कारण आगगाडी मालवणकरांनीं पाहिली ती तिकिटावर. कोंकण रेल्वे पूर्णपणें खुली झाली ती १९९८ सालीं, आणि मालवण शहरांत तर आजहि स्टेशन नाहीं. आमचें खरें तिकीट आगबोटीचें. सीमेपलीकडील सोयऱ्यांचीं पत्रें असतील तर त्यांवर पोर्तुगीज तिकिटें सांपडतील. तीं गोव्यांत १८७१ पासून होतीं, आणि १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाल्यावर त्यांचा अंमल संपला. २१ नोव्हेंबर १९४७ चें ‘जय हिंद’ अक्षरांचें तिरंगी झेंड्याचें तिकीट, किंवा १५ ऑगस्ट १९४८ रोजीं निघालेलीं, स्वित्झर्लंडांत छापलेलीं गांधीजींचीं चार तिकिटें कोणी सहज ओळखील. १ एप्रिल १९५७ पासून आण्यांच्या जागीं नवे पैसे आले. आणि पत्त्यावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असेल तर पाकीट बहुधा १९८१ पूर्वींचें; कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या वर्षाच्या १ मे रोजीं वेगळा झाला.

श्रोत्यांच्या ध्यानांत आलें असेल, कीं यांतील निम्मा मजकूर तिकिटावर नाहींच. तो पत्त्यावर, शिक्क्यावर आणि पाकिटाच्या पाठीमागें आहे. तिकीट हजारों घरीं सारखेंच. परंतु अमक्या दिवशीं, अमक्या कचेरींतून, अमक्या माणसाला गेलेलें पाकीट जगांत एकच असतें.

आतां माझी गोष्ट. आजोबा १९७२ सालीं वारले, आणि त्यांची पेटी घरांतला शाळकरी मुलगा म्हणून माझ्याकडे आली. तींत चाळीसएक पाकिटें होतीं. मला तिकिटांचा नाद नुकताच लागला होता. मीं घंगाळांत कोमट पाणी घेतलें, प्रत्येक पाकिटाचा कोपरा कातरून त्यांत भिजत घातला, तिकिटें सोडविलीं, आणि भाताच्या खळीनें तीं एका वहींत रंगवार चिकटविलीं. उरलेलीं पाकिटें आजीनें न्हाणींतल्या चुलींत घातलीं. शाळेंत वहीचें फार कौतुक झालें.

आजोबांचे थोरले बंधु पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींतून मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, गेले होते. ते परत आले नाहींत. पलटणीचा क्रमांक घरांत कोणास ठाऊक नाहीं. त्यांचीं तीन मोडी पत्रें तेवढीं देवघरांत पोथ्यांबरोबर राहिल्यामुळें वांचलीं. निवृत्तीनंतर मीं तीं एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतलीं. त्यांत खुशाली आहे, लावणीची चौकशी आहे, म्हैस व्याली कीं नाहीं हेंहि विचारलें आहे. परंतु ठिकाणाचें नांव कोठेंहि नाहीं, आणि शेवटच्या पत्रावर तारीखहि नाहीं. लष्करी पत्रें तपासून पुढें सोडीत. त्यामुळें ठिकाण लिहिण्याची सोय नसे. तें सांगूं शकणारी वस्तु एकच होती. ती म्हणजे पाकिटावरील लष्करी टपाल-कचेरीचा शिक्का.

मीं वही काढली. त्यांत ‘आय. ई. एफ.’ हीं अक्षरें वर छापलेलें पांचव्या जॉर्जचें तिकीट आहे. हिंदुस्थानांतून परदेशीं गेलेल्या फौजांसाठीं अशीं तिकिटें १९१४ सालीं निघालीं होतीं. त्यावर शिक्क्याचा चतकोर उमटला आहे, आणि नोव्हेंबर महिन्याचीं अक्षरें स्पष्ट आहेत. साल व कचेरीचा क्रमांक पाकिटाच्या कागदावर होता. तो चुलींत गेला.

त्या सालाला काय महत्त्व, असें कोणी विचारील. डिसेंबर १९१५ मध्यें कूत-अल-अमारा येथें तुर्कांनीं पुणें डिव्हिजनला वेढा घातला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं तें सैन्य शरण गेलें. मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या पलटणी त्यांत होत्या. कैदेंत आपले हजारों शिपाई मेले. माझें तिकीट नोव्हेंबर १९१५ चें असेल, तर थोरले आजोबा पुढें त्या वेढ्यांत सांपडले असण्याचा संभव आहे. नोव्हेंबर १९१६ चें असेल, तर कूत पडल्यानंतरहि ते हिंडतेफिरते होते, आणि त्यांचा शोध दुसऱ्याच ठिकाणीं घेतला पाहिजे. दोन आंकड्यांचा हा प्रश्न मीं वयाच्या बाराव्या वर्षीं कात्रीनें पुसून टाकला. मृत्यूची तिथि ठाऊक नसल्यामुळें त्यांचें श्राद्ध आमच्या घरीं सर्वपित्री अमावास्येस होतें. आतां तें तसेंच होत राहील.

म्हणून नवशिक्याला माझें पहिलें सांगणें असें, कीं पाकिटावरचें तिकीट सोडवूं नका. सुटीं तिकिटें मिळालीं असतील तर तीं सुटीं ठेवा. लागलेलीं असतील तर लागलेलींच राहूं द्या. पाण्याचा मोह तर मुळींच नको. वापरलेलें तिकीट धुवून कोणी पुन्हा लावूं नये म्हणून विलायतेंतील छापखाने कांहीं तिकिटांस मुद्दाम पाण्यानें पसरणारी शाई वापरीत. घंगाळांत त्यांचा रंग राहत नाहीं.

दुसरें सांगणें ओलीविषयीं. आमच्याकडे वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास, आणि आषाढ-श्रावणांत हवेंतील आर्द्रता शेंकडा ८५ च्या वर असते. कागदाला मानवते ती ५० च्या सुमाराची. ओल लागली कीं तिकिटामागील डिंक सुटून तीं एकमेकांस चिकटतात, बुरशी धरते आणि कागदावर तांबूस ठिपके पडतात. यासाठीं पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीस टेकून ठेवूं नये. घराच्या मधल्या खोलींतील लांकडी कपाटांत, वरच्या फळीवर ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवींत गच्च बांधल्यानें ओल बाहेर राहते असा समज आहे. प्रत्यक्षांत आंतली ओल आंतच कोंडते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या, व त्या भरल्या म्हणजे तापवून पुन्हा कोरड्या कराव्या. चिकटलेलीं तिकिटें ओढून वेगळीं करूं नयेत; जाणत्याला दाखवावीं.

तिसरें सांगणें कसरीविषयीं. कसर ही खळीची भुकेली. माझ्या वहींतील निम्मीं पानें तिनें चाळणीसारखीं केलीं, तीं माझ्याच हातच्या भातापायीं. तिकिटाच्या पाठीस खळ, बाजारी गोंद किंवा पारदर्शक चिकटपट्टी यांपैकीं कांहींहि लावूं नये. पट्टीचा पिवळा डाग कधींच जात नाहीं. पट्ट्यांच्या खांचा असलेली वही, जिला स्टॉक-बुक म्हणतात, ती घ्यावी. पाकिटांसाठीं आम्ल नसलेल्या कागदाचे किंवा पॉलिएस्टरचे खिसे वापरावे. पी.व्ही.सी.चे मऊ, वास येणारे खिसे वर्षांनुवर्षें तिकिटाचा रंग खातात, ते टाळावे. डांबराच्या गोळ्याहि तिकिटांशेजारीं नकोत. तिकीट बोटांनीं न धरतां बोथट टोंकाच्या चिमट्यानें उचलावें, कारण घामाचा डाग आज दिसत नाहीं, तो दहा वर्षांनीं दिसतो.

चौथें सांगणें लेखणीविषयीं. प्रत्येक पाकिटाचें दोन्हीं बाजूंनीं छायाचित्र घ्यावें, आणि वेगळ्या वहींत लिहावें : कोणाचें, कोणास, शिक्का कोठला, तारीख कोणती, आणि घरांतील वडील माणसें त्याबद्दल काय सांगतात. खुद्द पाकिटावर कांहींच लिहूं नये. वडील माणसें आहेत तोंवर हें काम उरकावें. कागदापेक्षां त्यांचें आयुष्य कमी भरंवशाचें असतें.

राहिला किंमतीचा प्रश्न. गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ हा शब्द छापलेल्या प्रती शंभरच काढल्या होत्या. त्यांचें मोल लाखांत होतें. परंतु तीं तिकिटें गव्हर्नर-जनरलच्या कचेरीसाठीं होतीं, आपल्या माळ्यावर नव्हे. आपल्या पेटींतील बहुतेक तिकिटांना बाजारांत चहापुरते पैसे येतील. शंका असेल तर अनुभवी संग्राहकाला दाखवावें. परंतु दाखविण्यापूर्वीं ‘स्वच्छ’ करूं नये.

पूर्वीं पोथ्या कापडांत बांधून ठेवीत आणि दसऱ्याला पूजेसाठीं बाहेर काढीत. त्यांत पावसाळा संपतांच कागद उघडून पाहण्याचें शहाणपणहि होतें. आपणहि दसऱ्याला पेटी उघडावी. उन्हांत नव्हे, कारण उन्हानें रंग उडतो, तर सावलींत, वाऱ्यावर घटकाभर. रजिस्टर टपाल हें नांवसुद्धां २०२५ सालीं स्पीड पोस्टांत विलीन झालें. आज मुलगा मुंबईहून क्षणांत खुशाली कळवितो, आणि ती क्षणांत पुसलीहि जाते. नवे गठ्ठे आतां होणार नाहींत. जे आहेत तेवढेच आहेत.

माझ्या वहींतील तें चतकोर शिक्क्याचें तिकीट मीं आतां वेगळ्या खिशांत ठेविलें आहे. त्याच्या मागील खळ मीं काढली नाहीं. नातू विचारतो, हें फाटकें कशाला जपतां? मी त्याला सांगतों, ‘बाबा रे, यावरचा महिना आहे, साल मीं हरवलें. तुझ्या हातून महिना हरवूं नये, एवढ्याचसाठीं.’