लोहचुंबक आणि डोळ्यांपुढील काजवे

डोक्यास मार बसला, अथवा फार वेळ वांकून एकदम उभें राहिलें, म्हणजे डोळ्यांपुढें काजवे चमकतात, असें आपण म्हणतों. बाहेर प्रकाश नसतां प्रकाश दिसावा, हा अनुभव इतका नेहमींचा आहे, कीं त्याविषयीं कोणी विचार करीत बसत नाहीं. परंतु असेच काजवे लोहचुंबकाच्या योगानें, डोक्यास धक्काहि न लावतां, उत्पन्न करतां येतात. आणि ते नेमके कोठें चमकतात, डोळ्यांत कीं मेंदूंत, या एवढ्या एका प्रश्नाचा उलगडा होण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

या इतिहासाकडे मी वळलों त्याचें कारण घरगुती आहे. माझ्या एका स्नेह्यांच्या कन्येस दीर्घ मुदतीच्या नैराश्यावर चुंबकीय उपचार घेण्याचा सल्ला डॉक्टरांनीं दिला. औषधांनीं गुण आला नव्हता. गृहस्थ मजकडे आले व म्हणाले, "प्रोफेसर, तुमचें वाचन दांडगें. एवढेंच सांगा, पोरीच्या डोळ्यांना अपाय होणार नाहीं ना? डोक्यापाशीं चुंबक धरला, कीं उजेड दिसतो म्हणतात." मी इतिहासाचा अध्यापक, वैद्यकाचा मला गंध नाहीं. चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि ग्रंथालयाची वाट धरली.

चुंबकानें रोग बरे करण्याची कल्पना जुनी, आणि थोडी बदनामहि आहे. मेस्मर यानें व्हिएन्ना येथें १७७४ सालीं चुंबकांपासूनच आरंभ केला होता. पुढें चुंबक टाकून देऊन तो नुसत्या हस्तस्पर्शानें रोगी बरे करूं लागला, आणि १७८४ सालीं पॅरिस येथें फ्रँक्लिन व लाव्हाझिए यांच्यासारखीं माणसें ज्या समितींत होतीं तिनें हा सारा कल्पनेचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हांपासून चुंबक आणि मन यांचा संबंध जोडणारा मनुष्य शास्त्रज्ञांच्या पंगतींत संशयास पात्र होऊं लागला. पुढें पुष्कळ दिवस या विषयावर लिहिणारांच्या वाक्यांतून ही भीति डोकावते.

तरी जिज्ञासा सुटत नाहीं. सर विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनीं १८८३ सालीं बर्मिंगहॅम येथें दिलेल्या व्याख्यानांत एक प्रयोग सांगितला आहे. लॉर्ड लिंडसे व व्हार्ली यांनीं एक प्रचंड विद्युच्चुंबक तयार करविला होता. त्याच्या दोन ध्रुवांमध्यें मनुष्याचें डोकें राहील एवढी जागा होती. डोकीं घालून पाहिलीं. कोणास कांहींहि वाटलें नाहीं. कांहींच वाटूं नये याचेंच केल्व्हिनला मोठें नवल वाटलें! १८९२ सालीं पीटर्सन व केनेली यांनीं एडिसनच्या प्रयोगशाळेंत असेच प्रयोग केले आणि त्यांच्या पदरींहि नकारच पडला.

चूक कोठें होती? हे चुंबक बलाढ्य होते, पण स्थिर होते. फॅराडेनें १८३१ सालींच दाखवून दिलें होतें, कीं चुंबकाचें क्षेत्र बदलत असेल तरच जवळच्या वाहकांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मनुष्याचें डोकें, त्यांतील क्षारयुक्त द्रवांमुळें, एक प्रकारचा वाहकच आहे. तेव्हां कितीहि मोठा चुंबक कानाशीं धरून तास न् तास स्वस्थ बसण्यांत अर्थ नव्हता. क्षेत्र हलतें हवें होतें.

तें हलतें क्षेत्र दार्सोनव्हाल यानें १८९६ सालीं पॅरिस येथें वापरलें. त्याच्या मोठ्या वेटोळ्यांतून ११० व्होल्ट दाबाचा, ३० अँपिअरचा, सेकंदास ४२ वेळां आंदोलणारा प्रवाह जात असे. त्यांत डोकें घातलें, कीं प्रकाशाचे भास होत, भोंवळ येई, आणि कोणाकोणास मूर्च्छाहि येई. हा मूर्च्छेचा उल्लेख दार्सोनव्हालनें ओघांत करून सोडून दिला आहे. आजच्या वाचकाची नजर मात्र त्या शब्दावर अडखळते.

१९१० सालीं लंडनमध्यें सिल्व्हेनस टॉम्सन यानें, दार्सोनव्हालची वार्ता नसतां, हाच शोध पुन्हा लाविला. बत्तीस वेढ्यांचें, सुमारें नऊ इंच व्यासाचें वेटोळें. प्रवाह १८० अँपिअरपर्यंत. काळोखांत किंवा डोळे मिटून डोकें आंत नेलें, म्हणजे सर्व दृष्टिक्षेत्रावर मंद, लुकलुकणारा, रंगहीन किंवा किंचित् निळसर उजेड पसरे. जातां जातां सांगावयाचें म्हणजे, याच टॉम्सननें लिहिलेलें केल्व्हिनचें मोठें चरित्र त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. जो प्रकाश चरित्रनायकाच्या वांट्यास आला नाहीं तो चरित्रकारास दिसला.

पण हा भास मेस्मरच्या जातीचा नव्हे कशावरून? बाल्टिमोरच्या नाइट डनलॅप यानें १९११ सालीं ही शंका मनापासून घेतली. प्रवाह सुरू झाला, कीं यंत्र घूं घूं करतें. तो आवाज ऐकून मनुष्यास "आतां दिसणार" असें वाटलें तर दिसूंहि लागेल. म्हणून त्यानें आवाजावरून कांहीं ओळखूं येणार नाहीं अशी व्यवस्था करून पाहिलें. उजेड दिसलाच. मला या सबंध इतिहासांत हा साधा मनुष्य फार आवडला. त्याच साली मॅग्नसन व स्टीव्हन्स यांनीं वॉशिंग्टन विद्यापीठांत दाखविलें, कीं एकदिश प्रवाहानेंहि उजेड दिसतो, मात्र प्रवाह चालू करण्याच्या व बंद करण्याच्या क्षणींच. फॅराडेचा नियम डोळ्यांपुढें लिहून दाखविल्यासारखें झालें.

हा प्रकाश मेंदूंतला, असें मानण्याकडे पुष्कळांचा कल होता. १९४७ सालीं हार्वर्डमध्यें शिकून गेलेला होरेस बार्लो नांवाचा तरुण इंग्रज (हा डार्विनचा पणतू) आणि त्याचे सहकारी कोन व वॉल्श यांनीं या कल्पनेस सुरुंग लाविला. नेत्रगोलावर बोटानें दाब दिला, कीं थोड्या वेळानें दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा आखडतो आणि त्या डोळ्यास अंधारी येते. चुंबकाचे काजवेहि त्याच दाबानें विझतात, असें त्यांस आढळलें. म्हणजे ते चमकत होते डोळ्यांत. मेंदूस कोणी शिवलेंच नव्हतें.

माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें मर्म मला येथें सांपडलें. दार्सोनव्हालपासून बार्लोपर्यंत इतक्या जणांनीं वेटोळ्यांत डोकीं घातलीं व कोणाची दृष्टि गेली नाहीं, हें खरें. पण हा दाखला देऊन आजचा मेंदूवरील उपचार निर्धोक ठरविणें म्हणजे वाड्याच्या दाराला हात लावून आलेल्या माणसास माजघराची साक्ष विचारणें होय. पन्नास वर्षांच्या त्या निरुपद्रवीपणानें दृष्टिपटलाविषयीं कांहीं सांगितलें, मेंदूविषयीं जवळजवळ कांहींच नाहीं.

माजघराचें दार उघडलें तें १९८५ सालीं, शेफील्ड येथें. अँथनी बार्कर, जलिनूस व फ्रीस्टन यांनीं असें यंत्र बनविलें, कीं त्यांत सांठविलेली वीज सेकंदाच्या अत्यल्प अंशांत वेटोळ्यांतून सुटे आणि क्षणभरापुरतें विलक्षण तीव्र क्षेत्र निर्माण होई. वेटोळें डोक्याच्या योग्य भागावर धरतांच समोरच्या माणसाचा हात आपोआप उडे, आणि वेदना म्हणण्यासारखी होत नसे. ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन हें लांबलचक नांव या कृतीस पुढें मिळालें. तेंच वेटोळें डोक्याच्या मागील भागावर, जेथें दृष्टीचें केंद्र आहे तेथें, धरलें असतां कांहीं जणांस खरेच मेंदूंतले काजवे दिसूं लागले.

त्याहून चमत्कारिक गोष्ट न्यूयॉर्कमधील अमासियान यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केली. पडद्यावर तीन अक्षरें क्षणमात्र दाखवावीं आणि त्यानंतर ८० ते १०० सहस्रांश सेकंदांनीं चुंबकाचा एक ठोका द्यावा. अक्षरें दिसतच नाहींत! ठोका फार आधीं किंवा फार उशिरां दिला, तर तीं नीट वाचतां येतात. डोळ्यांनीं आपलें काम केलेलें असतें. मेंदू तें वाचावयास बसतो न बसतो तोंच कोणी दिवा घालवावा, तसा हा प्रकार. हें आंधळेपण क्षणिक. पुढच्या क्षणीं दृष्टि पूर्ववत् होते.

मेंदूंतील प्रकाशाविषयीं उरलासुरला संशय काउई व वॉल्श यांनीं २००० सालीं फेडला. डोळ्यांच्या विकारानें पूर्ण अंध झालेल्या एका गृहस्थांच्या डोक्यामागें त्यांनीं चुंबक धरला. त्या अंध मनुष्यास प्रकाश दिसला. उलट ज्याच्या मेंदूंतील दृष्टिकेंद्राचा एक भाग नष्ट झाला होता, डोळे मात्र शाबूत होते, त्यास आंधळ्या झालेल्या बाजूस कांहीं दिसेना.

मग धोका? तो होता, पण लोक जेथें पाहत होते तेथें नव्हता. १९९० नंतर एकेका ठोक्याऐवजीं ठोक्यांच्या माळा देण्याची पद्धत आली, आणि पूर्वीं कधीं फेफरें न आलेल्या निरोगी स्वयंसेवकांपैकीं कांहींना फेफऱ्याचा झटका आला. डोळ्यांची चिंता करणाऱ्या जगास हा इशारा मेंदूनें दिला. १९९६ सालीं अमेरिकेंत बेथेस्डा येथें तज्ज्ञ जमले. ठोके किती जोरानें, किती वेगानें, किती वेळ आणि मध्यें किती विसांवा देऊन द्यावे, याचे नियम १९९८ सालीं छापून निघाले. २००९ व २०२१ सालीं ते सुधारण्यांत आले. या मर्यादांत झटका विरळा. पण मुळींच येत नाहीं, असें कोणीहि लिहीत नाहीं. ठोक्याचा आवाज तीव्र असल्यानें कानांत बोळे घालावयाचे, आणि कानांत श्रवणयंत्र रोवलेलें असल्यास वेटोळें जवळ आणावयाचें नाहीं, हेंहि ठरलें. नैराश्यावरील उपचारास अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें २००८ सालीं मान्यता दिली ती या सर्व खटाटोपानंतर.

आणि दार्सोनव्हालचा तो जुना उजेड? त्यास अखेरीस वेगळीच नोकरी मिळाली. विजेच्या मोठ्या यंत्रांपाशीं काम करणारांस किती चुंबकीय क्षेत्र सहन करूं द्यावें, याचे आंतरराष्ट्रीय दंडक २०१० सालीं ठरले. त्यांत कमी आंदोलनांच्या क्षेत्रासाठीं दृष्टिपटलांतील हेच काजवे मोजमापास घेतले आहेत. ते अपायकारक म्हणून नव्हे, तर शरीरास कांहींतरी जाणवलें याची ती सर्वांत पहिली आणि खात्रीची खूण म्हणून.

पांचव्या दिवशीं स्नेही आले. मीं सांगितलें, "नैराश्याच्या उपचारांत वेटोळें कपाळाच्या वरच्या बाजूस असतें, डोक्यामागें नव्हे. उजेड दिसलाच, तर तो बहुधा डोळ्यांतला, जुन्या ओळखीचा. डॉक्टरांस डोळ्यांचें विचारूं नका. घरांत कोणास फेफरें येत असे का, मुलीला सध्यां कोणतीं औषधें चालू आहेत, हें त्यांनीं न विचारतां सांगा. आणि झटका आलाच तर जवळ कोण असेल, हें विचारा." त्यांनीं तें कागदावर उतरवून घेतलें.

पहिल्या दिवशीं घरीं परतल्यावर त्यांनीं मुलीला विचारलें, "उजेड दिसला का ग?" ती म्हणाली, "नाहीं बाबा. नुसती टकटक, आणि डावी पापणी उडत होती."