पुणे दरबाराचे चित्र आणि त्यामागील रेखाटने

सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात चार्ल्स मॅलेट १७९० चा तह पुरा करीत आहे, असा प्रसंग टॉमस डॅनियलच्या प्रसिद्ध तैलचित्रात रंगविलेला आहे. पेशवेकालीन दरबाराची रीत, पोशाख व बैठक यांचा पुरावा म्हणून अभ्यासक त्याकडे पाहतात. हा पुरावा कोणत्या प्रतीचा आहे, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

डॅनियलने तो दरबार पाहिला नव्हता. चित्राचे काम मूळचे जेम्स वेल्सचे. पण तोही मुंबईस आला १७९१ मध्ये, म्हणजे तहानंतर. पुण्यास येऊन त्याने पेशवे, नाना फडणीस आदी व्यक्तींची चित्रे व रेखाटने प्रत्यक्ष पाहून केली. १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने चित्र सिद्ध केले आणि १८०५ मध्ये ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले.

दप्तरातील खर्डा आणि त्यावरून केलेली स्वच्छ प्रत यांत अभ्यासक जो विवेक करतो, तोच येथे करावयास हवा. मुखचर्येपुरते वेल्सचे रेखाटन ही पाहणाऱ्याची साक्ष होय. कोण कोठे बसला, कोणाची दृष्टी कोणाकडे वळली, ही मांडणी मात्र मागाहून जुळविलेली आहे. तिला आधार असलाच तर तो मॅलेटच्या स्मरणाचा. आणि मॅलेट तर चित्राचा नायकच!

रेखाटनाच्या मागे गेले की विस्मृत नावेही हाती लागतात. शहागडाजवळ गोदावरी ओलांडून उत्तरेस जाणारा धुळ्याचा जुना रस्ता वेरुळावरून जातो. त्या वेरुळाची लेणी पुण्याच्या गंगाराम तांबटाने मॅलेटसाठी रेखाटली. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने वेरुळाची २४ दृश्ये १८०३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि सामान्य वाचकाच्या मनात राहिले ते डॅनियलचे नाव.

पक्के चित्र आपल्या कच्च्या टिपणांना झाकून टाकते. म्हणून दरबाराच्या चित्रावरून एखादे विधान करण्यापूर्वी त्याचा आधार रेखाटनात आहे की केवळ रंगात, हे पाहिलेच पाहिजे. ज्याला रेखाटनाचा आधार नाही, ते १७९० च्या पुण्याविषयी नव्हे, १८०५ च्या लंडनविषयी बोलत असण्याचा संभव अधिक.