पैनगंगेच्या अलीकडचं गवत

आमचा आजा यवतमाळकडून बंडी जुंपून पैनगंगा उतरला आणि आदिलाबादच्या काळ्या रानात आला. ही गोष्ट सांगताना घरात एक वाक्य ठरलेलं असे : "तवा इथं कोणीच नव्हतं, नुसता कुंदा." पहिली दोन वर्षं पेरणी थोडी, खणणीच जास्त, असं आजी सांगे. कुंदा गवताची मुळी वखराला दाद देत नाही. वैशाखात जमीन भेगाळली की पहारीनं ढेकळं उलथायची, मुळ्या वेचून बांधावर वाळत टाकायच्या. एक कांडं राहिलं तरी मृगात तो पुन्हा हिरवा.

लॉरा इंगल्स वाइल्डरचं 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' हे १९३५ सालचं पुस्तक वाचताना मला आमचीच बंडी दिसली. बैलांच्या जागी घोडे, एवढंच. पण कॅन्ससचं ते माळरान ओसेज आदिवासींचं होतं. शेवटी लॉराचं कुटुंब उभं केलेलं घर सोडून निघतं. पुस्तक मिटलं आणि आज्याचं वाक्य मला टोचू लागलं. खरंच कोणी नव्हतं?

मग हायमेनडॉर्फ वाचला. १९४० साली जोडेघाटला गोंडांच्या बंडाचा नेता कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ पत्नी बेट्टीसह मारलवाईला गोंडांत राहिला. गोंड हलक्या जमिनी पाळीपाळीनं पडीक ठेवत, गावंही हलवत. जंगल राखीव झालं, रस्ते आले, आणि कागद नसलेल्या गोंडाची पडीक जमीन रिकामी ठरली. पट्टा ज्यानं करून घेतला तो मालक. खोऱ्यांतली काळी जमीन अशीच बाहेरून आलेल्यांकडे गेली. त्यांत आम्हीही आलो. मारलवाईच्या शाळेसाठी गोंडी वाचनाची पुस्तकं निघाली तीही देवनागरीत, आमच्याच अक्षरांत. एवढे आम्ही शेजारी होतो.

मारलवाईला बेट्टीच्या समाधीपाशी मी बराच वेळ बसलो. परत आलो तो सरळ शेतात गेलो.

आमच्या रानात ओढ्याकडे तीन जुने मोह आहेत. मोह कोणी राखल्याशिवाय शेतात असा उरत नाही, आणि ते आज्याच्याही आधीचे. आज्यानं त्यांना वळसा घालून वखर चालवला. चैत्रात पहाटे गोंडांच्या गुड्यातल्या बाया टोपल्या घेऊन यायच्या, फुलं वेचायच्या. बांधावरून शेळी आत आली तरी ओरडणारी आमची आजी त्यांना कधी हटकत नसे. सडा पडायच्या आधी झाडाखालचा पाला तीच झाडून ठेवी.