गोमंतकीय हुमणाचा इतिहास
चतुर्थीचे सोवळे दिवस सरले की गोमंतकीय घरांत बांगड्याचे हुमण रटरटू लागते. अल्प तेलात शिजणारे हे पौष्टिक कालवण आपण अस्सल स्वदेशी मानतो. नारळ, आमसूल व तिरफळ ही कोकणचीच खरी. पण त्याला तांबडा रंग देणारी मिरची मूळची अमेरिकेची. १५१० मध्ये गोवे पोर्तुगीजांनी जिंकले, आणि त्याच शतकात त्यांच्या गलबतांतून ती येथे उतरली. तत्पूर्वीचा तिखटपणा मिऱ्यांचा होता. याच राजवटीत इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने, बिनमिठाचा भात शिजवून वरून मीठ घेण्याची हिंदू चालही ख्रिस्ती झालेल्यांना मना केली. विद्यार्थ्यांना दोन्ही गोष्टी सांगावयास हव्यात : सत्ता चुलीपर्यंत पोहोचली, आणि दोन्ही धर्मांच्या गृहिणींनी तिने आणलेला जिन्नस रगड्यावर वाटून आपला केला.