लाल कातड्याची कोरी वही

साल १४७५, फ्लॉरेन्स. बादिया मठापाशी कागदवाल्यांची दुकानं ओळीनं लागली आहेत. वेस्पासियानो दा बिस्तीच्चीचंही इथलंच, पण त्याच्याकडून राजेरजवाडे हस्तलिखितं मागवतात. तुम्हाला हवी आहे कोरी वही. शेजारच्या साध्या दुकानात शिरा.

आत सरस, मेण आणि सालीत कमावलेल्या कातड्याचा वास कोंडलाय. कातडी कमावणारे जवळच, सांता क्रोचे चर्चच्या अंगाला. तिकडून वारा आला की वह्यांची हौस क्षणभर फिटते.

मालक ताव पुढे करतो. जुनं कापड कुजवून, पाणचक्कीच्या हातोड्यांखाली कुटून, तारेच्या चौकटीवर उपसलेला हा कागद. मग तो सरसात बुडवलाय, नाहीतर शाई फुटली असती. उजेडाकडे धरा: तारांच्या रेघा आणि कारखान्याची खूण दिसेल. कोपऱ्यात पोऱ्या तावांच्या जुड्या मेणदोऱ्यानं चामडी पट्ट्यांवर शिवतोय. वरून मऊ कातडं, पुढे दुमडून येणारी झडप, पाठीवर आडवे जाड पट्टे आणि बक्कल. वर्षानुवर्षं रोज उघडझाप सोसायची आहे या वहीला.

"रंग कोणता? आणि अक्षर?"

तुम्ही गोंधळता. इथं व्यापाऱ्याची वही कातड्याच्या रंगानं ओळखतात, लाल वही, काळी वही. शिवाय क्रमानं अ, ब, क. पहिल्या पानावर देवाचं नाव, आपल्याकडे श्री घालतात तसं, मग वही कोणाची, कशासाठी ते.

"मनात येईल ते लिहीन. चित्रं काढीन."

मालक तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघतो. त्याच्या गिऱ्हाइकांना कोऱ्या जागेची धास्ती असते. मागाहून कोणी आकडा घुसडू नये म्हणून ते ती रेघ मारून बंद करतात. (पाच शतकांनी लोक कोऱ्या पानांवर भाळून पैसे मोजतील, हे त्याला न सांगितलेलंच बरं.)

"चित्रं काढायची तर वेरोक्योच्या पोरांना विचारा," तो म्हणतो. भाजलेल्या हाडांची पूड सरसात कालवून तावाला लावायची आणि त्यावर चांदीच्या सळईनं रेखाटायचं. रेघ सहजी पुसत नाही. म्हणून शिकाऊ पोरं आधी लाकडी पाटीवर तीच पूड थुंकीनं चोळून हात बसवतात. चित्रकार वेरोक्योच्या त्याच कार्यशाळेत २३ वर्षांचा लिओनार्दो दा विंची आहे. ५ ऑगस्ट १४७३ ला त्यानं एक दरी शाईनं रेखाटली आणि वर तारीख घातली. त्याच्या जगप्रसिद्ध वह्या अजून भरायच्या आहेत.

तुम्ही लाल कातडं निवडता आणि चाचरत म्हणता, "कडा खरबरीतच राहू द्या. वही जुनी दिसली पाहिजे."

मालक पोऱ्याकडे वळतो. "कडा सरळ कापून दे रे. परगावचं गिऱ्हाईक आहे, पण अर्धवट काम आपण विकत नाही."