नाणं सापडलं, पण कुठे?

समजा, तुम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून एक मेटल डिटेक्टर घेतला आणि रविवारी गगनबावडा गाठलं. गगनगडाच्या पायथ्याला यंत्र वाजलं, वीतभर खणलं आणि एक हिरवट नाणं हाती आलं. तुम्हाला इतिहासाचा पुरावा मिळाला का? रिसर्चला येण्याआधी या प्रश्नाचा नीट विचार करा. तुमचा विषय इतिहास नसला तरी करा.

आधी यंत्र समजून घेऊ. डिटेक्टरच्या कॉइलमधून बदलता विद्युतप्रवाह जातो आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवरा-प्रवाह निर्माण होतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र कॉइल पकडते आणि यंत्र वाजतं. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र एक अडचण आहे. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर, बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट; त्यामुळे जमीन स्वतःच सिग्नल देते. त्यातून यंत्र 'इथे धातू आहे' एवढंच सांगतं. बाटलीचं झाकण आहे, बैलाचा नाल आहे की सातवाहन काळातलं नाणं, हे त्याला ठरवता येत नाही. वय तर अजिबात कळत नाही.

बरं, नाणं वाचून वय कळेल? समजा, ती तांब्याची शिवराई निघाली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. लगेच '१६७४, राज्याभिषेक' असं वहीत लिहू नका. याच मजकुराच्या शिवराया पुढे पेशवाईतही पाडल्या गेल्या आणि त्यानंतरही बरीच वर्षं बाजारात चालल्या. नाणं पाडल्याची तारीख वेगळी, ते जमिनीत पडल्याची तारीख वेगळी. दुसरी तारीख नाण्यावर लिहिलेली नसते. ती आजूबाजूच्या मातीत असते.

आता कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. १८७० च्या दशकात ब्रह्मपुरी टेकडीजवळ शिसं आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी सापडली. भगवानलाल इंद्रजी यांनी ती वाचली. एका बाजूला बाण चढवलेलं धनुष्य, दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर, आणि तीन राजांची नावं: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. यांच्यात आधीचा कोण, नंतरचा कोण? उत्तर नाण्यांवरच मिळालं. शिवलकुराने वासिष्ठीपुत्राच्या नाण्यांवर आपला ठसा मारला होता, आणि गौतमीपुत्राने आधीच्या दोघांच्याही नाण्यांवर. वंशावळ हाती नसताना क्रम लागला. दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी 'बालेओकुरोस' नावाच्या राजाचा उल्लेख करतो. अभ्यासक त्याचा संबंध विळिवायकुराशी जोडतात.

म्हणजे सुटं नाणंही पुष्कळ बोलतं. पण ते कोणाच्या घरात होतं, त्याच्यासोबत काय वापरात होतं, हे सांगत नाही. ते कळायला खोदकाम व्हावं लागलं. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीत थरवार उत्खनन केलं. १९५२ मध्ये त्याचा अहवाल आला. सातवाहन काळातली विटांची घरं आणि वरच्या थरातली बहमनी काळातली वस्ती त्यामुळे वेगळी करता आली. त्याच टेकडीवर त्याच दशकात पोसायडनची रोमन कांस्यमूर्तीही मिळाली. ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे.

आता गगनबावड्याकडे परत या. ही रोमन मूर्ती समुद्राकडून आली असेल, तर ती कुठल्या घाटाने वर चढली? करूळ, भुईबावडा, फोंडा की आंबा? घाटमाथ्यावर, नेमक्या नोंदलेल्या जागी, नेमक्या थरात धनुष्यबाणाचं एक झिजलेलं नाणं मिळालं, तर या प्रश्नावर काही बोलता येईल. तेच नाणं तुम्ही खणून खिशात घातलंत, तर राहील फक्त शिशाचा तुकडा. जागा एकदा उकरली की तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. लॅबमध्ये सँपल वाया गेलं तर दुसरं बनवता येतं, इथे नाही.

कायदाही हेच विचारतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे सापडलं, कधी सापडलं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संरक्षित स्मारकात तर परवान्याशिवाय खणायचंच नाही. 'ब्रिटनमध्ये लोक खुशाल शोधतात' असं कोणी म्हणालं, तर सांगा की तिथेही १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे आणि १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंच्या जागा नोंदवण्याची योजना चालते.

मग हौस भागवायची कशी? खणू नका, नोंदी करा. अनेक घरांत देव्हाऱ्यात शिवराई पूजेला असते. घरच्यांची परवानगी घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन आणि व्यास मोजा, आणि ती घरात कशी आली हे आजी-आजोबांना विचारा. 'माहीत नाही' हे उत्तरही लिहून ठेवा. जुन्या पायवाटा नकाशावर टाका. शेतात नांगरताना काही वर आलं असेल, तर ते कुठल्या शेतात हे आधी नोंदवा आणि मालकाला कलेक्टर कार्यालयात कळवायला सांगा.

मित्र तेच, रविवार तोच. फक्त पिशवीत कुदळीऐवजी वही आणि वजनकाटा ठेवा. एका तालुक्यातल्या पन्नास शिवरायांची अशी नीट नोंद असेल, तर प्रोजेक्टची सुरुवात झाली म्हणून समजा.