उघडी चाकं

ज्या गाडीची चाकं अंगाबाहेर उघडी असतात, ती ओपन व्हील गाडी. ही झाली पुस्तकातली व्याख्या. तिच्यात फॉर्म्युला वन बसते, अमेरिकेतली इंडीकार बसते. पण मी पडलो वाशिम जिल्ह्यातला माणूस. आमच्याकडे ही व्याख्या लावायची तर सगळ्यात आधी शंकरपटाचा छकडा बसतो! दोन चाकं, दोन्ही उघडी, मधे पाय रोवायला जेमतेम जागा आणि वर धुरकरी. ना बोनट, ना दार, ना काच.

सुरुवातीला हा विचार निव्वळ गंमत म्हणून डोक्यात आला होता. पण मग जसजसा खोलात गेलो तसं वाटायला लागलं, की ह्या दोन शर्यतींचा गेल्या तीस वर्षांतला इतिहास शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी उघड्या चाकांविषयी. चाक उघडं ठेवण्यात धोका असतो, आणि तो अगदी साधा आहे. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाची मागची बाजू फिरताना खालून वर जात असते. मागून येणाऱ्या गाडीचं पुढचं चाक तिला टेकलं की ते त्या फिरत्या रबरावर चढतं आणि गाडी हवेत उडते. बंद अंगाच्या गाडीत निदान पत्र्याला पत्रा घासून वेळ निभावते. इथे तेवढीही सोय नाही. पटातसुद्धा शेजारच्या जोडीच्या चाकात चाक गेलं, तर धुरकऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. दोन्हीकडे बघणाऱ्याला चाक दिसतं, माणूस दिसतो आणि दोघांमधलं अंतर किती कमी आहे तेही दिसतं. माझ्या मते ओपन व्हीलचं खरं आकर्षण इथे आहे. वेग विमानालाही असतो, पण विमानात कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही.

आता स्वप्नातल्या गाड्यांकडे वळू. आमच्या लहानपणी गावात चारचाकी म्हणजे जीप, आणि तीही बहुतेक सरकारी. अॅम्बेसेडर म्हणजे कोणीतरी मोठा माणूस आला. मारुती ८०० बाजारात आली १९८३ साली, पण आमच्या बाजूला ती नजरेला सरावायला बरीच वर्षं जावी लागली. त्यामुळे स्वप्न बघायचं तर ते पोस्टरवर. बाजारात रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली पोस्टरं असायची. एका बाजूला देवादिक, दुसऱ्या बाजूला नटनट्या आणि मधे कुठेतरी लाल नाहीतर पिवळी लॅम्बोर्गिनी. ह्या गाडीची किंमत किती, ती पेट्रोल किती पिते, असले प्रश्न कोणी विचारायचं नाही. देवाच्या फोटोला तरी कोण विचारतं?

मग केबल आली आणि पोस्टरवरची गाडी पळायला लागली. रविवारी दुपारी क्रिकेट नसलं की फॉर्म्युला वन. १ मे १९९४ ला इमोलाच्या शर्यतीत आयर्टन सेन्ना गेला. त्याच्या आदल्याच दिवशी, पात्रता फेरीत, रोलांड रात्झेनबर्गर गेला होता. हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्या पिढीचा हिरो शूमाकर. २००० ते २००४ अशी ओळीने पाच विजेतेपदं, तीही फेरारीतून. त्या वेळच्या तीन लिटरच्या व्ही टेन इंजिनाचे मिनिटाला १८-१९ हजार फेरे होत आणि टीव्हीच्या फुटक्या स्पीकरमधूनही तो आवाज घर डोक्यावर घेई. आई म्हणायची, "तो मच्छर बंद कर आधी!"

ह्या दोन जगांची गाठ आपल्याकडे पडली ती सचिनमुळे. २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, आणि फियाटतर्फे खुद्द शूमाकरच्या हातून त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. पुढे तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून केवढा गदारोळ उठला, ते वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. शेवटी शुल्क कंपनीने भरलं, आणि २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. मराठी माणसाच्या घरी आलेल्या ह्या सर्वांत प्रसिद्ध स्वप्नातल्या गाडीबद्दल आपण चर्चा काय केली? तर टॅक्सची! ती चालवायला कशी वाटते हे कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

२००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरला, पहिला भारतीय. त्याच वर्षी इंडियानापोलिसला टायरच्या भानगडीमुळे जेमतेम सहा गाड्या धावल्या, त्यात तो चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. २००८ पासून फोर्स इंडिया नावाचा संघ होता. ३० ऑक्टोबर २०११ ला तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर शर्यतच भरली. आता आपल्याकडे हे रुजणार असं सगळ्यांना वाटलं. शर्यती झाल्या तीन, तिन्ही व्हेटेल जिंकला आणि २०१३ नंतर खेळ खलास. उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ न मानता करमणूक मानलं आणि कर लावला. सुटे भाग, टायर आणायचे तर जकातीची कटकट. फोर्स इंडियाही २०१८ मध्ये आर्थिक अडचणीत सापडून दुसऱ्यांच्या हाती गेली.

कराचं कारण खरंच आहे. पण मला वाटतं, मुळं धरायला खाली मातीच नव्हती. इंग्लंडमध्ये किंवा इटलीत गल्लीतलं गॅरेज, तिथला मेकॅनिक, जवळचा कार्टिंगचा ट्रॅक अशा पायऱ्या आहेत. तिथला बघणारा म्हणू शकतो, की माझ्या काकानेही असलं इंजिन उघडलंय. आपल्याकडे कोल्हापूर, कोइमतूर, चेन्नई असे थोडे अपवाद सोडले, तर बघणारा थेट पोस्टरवरून स्टेडियममध्ये गेला आणि तिथून थेट घरी आला.

आणि ती शर्यतही बदलत गेली. १९५० साली जागतिक अजिंक्यपद सुरू झालं, तेव्हाच्या फोटोत चालकाचे खांदे, कोपर, स्टिअरिंग फिरवणारे हात असं सगळं दिसतं. आज हेल्मेटचा वरचा भाग दिसतो, तोही २०१८ पासून आलेल्या हॅलोच्या कमानीतून. (हॅलोने जीव वाचवलेत, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.) २०१४ मध्ये १.६ लिटरची हायब्रिड इंजिनं आली आणि तो मच्छर थंडावला. मग २०१९ पासून नेटफ्लिक्सवर 'ड्राइव्ह टू सर्वाइव्ह' सुरू झालं आणि नवे प्रेक्षक आले. माझी पुण्यातली भाची त्यांतलीच. तिला गिअरबॉक्समध्ये काडीचा रस नाही, पण कोणत्या चालकाचं कोणाशी बिनसलंय ते तोंडपाठ. आधी मला हसू आलं. मग लक्षात आलं, की चाकामागचा माणूस दिसेनासा झाला होता आणि ती त्यालाच शोधतेय. मी तरी दुसरं काय बघत होतो?

आता येऊ आमच्या पटाकडे. शंकराचं वाहन नंदी, म्हणून शंकरपट, असं जुनी माणसं सांगतात. रब्बीच्या दिवसांत, मोकळ्या रानात पट भरतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर सगळ्या विदर्भात प्रसिद्ध, तिथे बायकाही जोडी हाकतात. पटाची माती म्हणजे आपलं रोजचं काम. जो बैल आठवडाभर डवऱ्याला, वखराला जुंपलेला असायचा, तोच पटात पळायचा. त्यामुळे पारावर बसलेल्या प्रत्येकाला मत असायचं आणि ते ऐकण्यासारखं असायचं. खूर कसा पडतो, मान कुठे धरतो, कोणता बैल जुवाला खांदा देतो नि कोणता चोरतो. फॉर्म्युला वनची ज्याला टेलिमेट्री म्हणतात ती आमच्याकडे पारावर बसून विड्या ओढायची!

पण ह्याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून उपयोग नाही. तुतारीची टोचणी, शेपटी पिरगाळणं, चावणं, विजेचे झटके हे प्रकार होत होते. जुलै २०११ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनाला बंदी असलेल्या प्राण्यांत झाला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा केला, पण उच्च न्यायालयात तो अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि अंतरालाही मर्यादा आहे. सेन्ना गेल्यावर फॉर्म्युला वनला सुरक्षेचा फेरविचार करावा लागला, तसा तो आपल्यालाही करावा लागला. फरक एवढाच, की तिथे धोका पत्करणारा चालक स्वतः सही करून बसतो. बैलाला कोणी विचारत नाही.

बंदीची ती सात वर्षं आमच्या भागात फार निर्णायक ठरली. कारण त्याच काळात सोयाबीनच्या शेतात ट्रॅक्टर पुरता स्थिरावला. माझ्या मामांकडे दोन जोड्या होत्या, त्यांची एक झाली आणि मग तीही गेली. बंदी उठली तेव्हा पट परत आला, पण पटात पळणारा तो कामाचा बैल परत आला नाही. आता शर्यतीचा बैल म्हणजे फक्त शर्यतीचा. त्याला वेगळी खुराक, वेगळा गडी, यूट्यूबवर चाहते, किंमत लाखांत. वखर त्याने बघितलेलाही नसतो. फॉर्म्युला वनची गाडी जशी भाजी आणायला जात नाही, तसा हा बैल.

आणि बक्षीस काय? २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस थार जीप होतं. २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यात फॉर्च्युनर. म्हणजे उघड्या चाकांची शर्यत जिंकायची आणि बंद काचांची गाडी घरी न्यायची! पोस्टरवरची गाडी शेवटी खेड्यात आली, ती बैलाच्या पाठीवर बसून. मामांना मी ही बातमी सांगितली तर म्हणाले, "बैलायले कुटार पुरत नाई, थारीले डिझल कोठून आनू?"

मी हसलो खरा, पण त्यांचं म्हणणं मनात राहिलं. बक्षिसाला माझा विरोध नाही. ज्याने बंदीच्या काळातही बैल सांभाळले, त्याच्या दारात थार उभी राहिली तर आनंदच आहे. खिल्लार काय, आमच्याकडची गवळाऊ काय, ह्या जाती टिकायच्या तर कोणाला तरी त्यांची हौस असली पाहिजे. पण शर्यत लोकांची राहते ती बघणाऱ्याला तिच्यात आपलं काही दिसतं तोवर. ते दिसेनासं झालं, की उरतं फक्त स्वप्न. आणि स्वप्नावर कोणी तरी किमतीची चिठ्ठी लावतंच. बुद्ध सर्किटवर हे तीन वर्षांत दिसलं. पटात ते दिसायला कदाचित तीस लागतील.

म्हणून मला अजूनही पटातला गाव गट आवडतो. काही ठिकाणी मोठ्या गटाबरोबर आसपासच्या जोड्यांसाठी तो वेगळा ठेवतात. बक्षीस किरकोळ, व्हिडिओ कोणी काढत नाही, बैलही कधी कधी मधेच थांबून कडेच्या गवताकडे बघतात. पण ज्याची जोडी पळते त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, आणि त्या बैलाने ह्या वर्षी किती एकर वखरलं तेही. कुठला पट भरला आणि गाव गट असला, तर मुद्दाम थांबून बघा. मोठ्या गटापर्यंत थांबलात तर ठीक, नाही थांबलात तरी फार काही चुकणार नाही.